वालधुनीकाठचा खलनायक

जगावर राज्य करायला निघालेल्या खलनायकाला आधी अड्डा लागतो, आणि अड्ड्यासाठी अंबरनाथइतकं सोयीचं गाव शोधून सापडायचं नाही. इथे आयुधनिर्माणी आहे. मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे. एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना १९२०च्या दशकात इथेच उभा राहिला, आणि विमको नाका हे नाव अजून रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे. दारूगोळा, यंत्रं, रसायनं आणि आग, सगळं शेअर रिक्षाच्या टप्प्यात. शेजारच्या उल्हासनगरात फर्निचर बाजार आहे, म्हणजे सिंहासनही घासाघीस करून घेता येईल. अडचण एकच. मुंबई ताब्यात घ्यायची तर आधी मुंबईला पोहोचायला हवं, आणि सकाळी अंबरनाथच्या फलाटावर लागणारी बदलापूर लोकल भरूनच आलेली असते. मग काळा झगा आणि शिरस्त्राण घातलेला तो महाभयंकर इसम उलट बाजूच्या गाडीने बदलापूरला जातो आणि तिथून रिटर्न मारतो. एवढं करूनही त्याला चौथी सीटच मिळते.

मोबाइलवर अंगठ्याने वर सरकवत वाचायच्या चित्रकथेचा, म्हणजे वेबकॉमिकचा, हा पहिला भाग होऊ शकतो. विनोदी खलनायकावरचं असं कॉमिक अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूरच्या पट्ट्यात घडावं असं मला मनापासून वाटतं. ते कसं घडवावं, त्याचे पूर्वज कोण, आणि त्यात कोणती चूक होण्याचा धोका आहे, हे या लेखात मांडतो. पूर्वजांपासून सुरुवात करतो, कारण ते थोर आहेत आणि त्यांची आठवण आपण पुरेशी ठेवलेली नाही.

पहिला मान संकासुराचा. कोकणातल्या दशावतारात तो वेद पळवणारा दैत्य म्हणून येतो. काळा पायघोळ वेष, काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. कथेप्रमाणे तो सृष्टीचं ज्ञान चोरणारा, म्हणजे याहून मोठा गुन्हेगार नाही. पण रंगमंचावर तो येतो ती सगळ्यात हसरी वेळ असते. सूत्रधाराशी त्याची मालवणीत जुंपते. तो वाकडं बोलतो, गावातल्या माणसांच्या खोड्या काढतो, समोर बसलेल्या पुढाऱ्यालाही सोडत नाही. शेवटी विष्णू त्याचा वध करतो. शिमग्याच्या नमन-खेळ्यांतही संकासुर असतोच, आणि पोरं त्याला घाबरतातही आणि त्याच्या मागे धावतातही. भीती आणि हसू एकाच देहात नांदवायची ही युक्ती कोकणातल्या खेळियांना कुठल्याही कॉमिकच्या कितीतरी आधी साधलेली होती.

विदर्भात हेच काम मारबत करते. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे मिरवणुकीने निघतात. ही प्रथा १८८०च्या दशकापासून चालत आली आहे. त्यांच्याबरोबर बडगे निघतात, आणि दर वर्षीचा बडग्या वेगळा असतो. त्या वर्षी लोकांना जे छळत असेल, महागाई असो, साथीचा आजार असो की भ्रष्टाचार, त्याला कागदाचं आणि बांबूचं शरीर मिळतं, गळ्यात पाटी मिळते, मिरवणूक मिळते आणि शेवटी आग मिळते. गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर उभे राहतात. वाड्यावाड्यावरची मुलं आधीपासून राबून ते बांधतात, स्पर्धा लागतात, आणि पहाटे ते जाळले जातात. आपण महाराष्ट्रात अंघोळीनंतर कारीट टाचेखाली फोडून मोकळे होतो. वाईटाला आधी चेहरा द्यायचा, त्याला डोळे भरून पाहायचं, त्याच्यावर हसायचं आणि मग त्याचा निकाल लावायचा, ही आपली जुनी रीत आहे.

हीच रीत पुढे नाटक-सिनेमात आली. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी उभी केली, आणि २०१८ साली नाटक पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा वैभव मांगले यांनी नव्या पिढीला तिच्या नादी लावलं. महेश कोठारे यांनी तर खलनायकांचा एक दरबारच भरवला. ‘थरथराट’ (१९८९) मधला टकलू हैवान, राहुल सोलापूरकरांनी केलेला. ‘धडाकेबाज’ (१९९०) मधला कवट्या महाकाळ. आणि ‘झपाटलेला’ (१९९३) मधला तात्या विंचू. रामदास पाध्ये यांच्या हातची बाहुली आणि प्रभावळकरांचा आवाज. कोठाऱ्यांच्याच ‘दे दणादण’ (१९८७) मध्ये मारुतीकडून शक्ती मिळालेला हवालदार आहे, आणि लाल रंग दिसला की त्याची शक्ती जाते. अतिमानवाला असा घरगुती घोळ चिकटवणं ही अस्सल मराठी कल्पना आहे, आणि ती किती सुपीक आहे हे आपल्या चित्रकारांनी अजून पुरतं जोखलेलं नाही.

तात्या विंचूपाशी मी जरा थांबतो, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्यावरून सुरू होतं. तो बाहुला आहे. कुणीही उचलून फेकावा एवढा. त्याला स्वतःच्या आकाराची लाज वाटते, माणसाचं शरीर परत मिळवण्यासाठी तो सिनेमाचा नायक लक्ष्या याच्या मागे लागतो, आणि त्याची चिडचिड पाहून आपण लोटपोट होतो. पण तात्या खरोखर खुनी आहे. सिनेमा त्याची दुष्टाई कुठेही पातळ करत नाही. म्हणून तीस वर्षांनंतरही अंधाऱ्या खोलीत खेळण्यांच्या कपाटाकडे पाहताना मोठ्या माणसांच्याही पोटात गोळा येतो. मीममध्ये, स्टिकरमध्ये, मोबाइलच्या पडद्यावर तात्या आणि कवट्या महाकाळ आज नव्याने जगतात, पण तिथे त्यांच्यातलं विष उतरलेलं असतं. ते गोड झालेले असतात. विनोदी खलनायकावर लिहिणाऱ्याने टाळायची चूक हीच: त्याला इतकं लाडकं करायचं की त्याने कुणाचं काही बिघडवलं होतं हेच वाचक विसरतो.

चूक सहज होते, कारण मालिकेची गरजच तशी असते. संकासुर त्याच रात्री मरतो, नरकासुर पहाटे जळतो, बडग्या संध्याकाळपर्यंत राख होतो. दर आठवड्याला येणाऱ्या चित्रकथेत खलनायकाला मारून चालत नाही. त्याने हरायला हवं आणि पुढच्या आठवड्यात परत यायला हवं. प्राण यांच्या चाचा चौधरीत राका नावाचा डाकू आहे. तो औषध पिऊन अमर झालेला, म्हणून परत परत येतो. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत वेताळ आणि मँड्रेक वाचत वाढलेल्या पिढीला हा खेळ पाठ आहे. पण परत परत हरणारा माणूस हळूहळू आपला वाटू लागतो. चौथ्या-पाचव्या पराभवानंतर वाचक त्याच्या बाजूने उभा राहतो. हे मानवी आहे, आणि कथाकाराने त्याचा फायदा घ्यावाही. मात्र भान ठेवून.

परदेशातल्या वेबकॉमिकांनी यावर निरनिराळे उपाय शोधले आहेत. त्यांच्याकडे वळण्याआधी छापील कॉमिकची एक आठवण: सुपरमॅनचाच मूळ अवतार खलनायकाचा होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी १९३३ साली आपल्या घरगुती अंकात छापलेल्या कथेतला सुपरमॅन टकला, दुसऱ्यांची मनं वाचणारा आणि जगाच्या सत्तेसाठी हपापलेला होता. वेबकॉमिकांच्या जगात शेनन गॅरिटी यांची ‘नार्बोनिक’ २००० ते २००६ या काळात रोज प्रसिद्ध होत होती. तिच्यात एक विक्षिप्त शास्त्रज्ञ बाई आहे आणि तिच्याकडे संगणक सांभाळायला आलेला एक साधा तरुण. नोकरीची गरज माणसाला कुणाच्याही दारात उभं करते, हा त्यातला विनोद आपल्याकडच्या कुठल्याही इंजिनीअरला कळेल. ब्रॅड गायगर यांच्या ‘एव्हिल इन्क’ची कल्पना अधिक तिखट आहे. २००५ पासून चाललेल्या या मालिकेत खलनायकांनी कंपनी काढलेली आहे, कारण त्यांच्या लक्षात आलंय की कायद्याच्या चौकटीत राहूनच जास्त वाईट करता येतं.

आणि मग ‘निमोना’. एन. डी. स्टीव्हनसन यांनी २०१२ मध्ये कलामहाविद्यालयात शिकत असताना ती इंटरनेटवर पानापानाने टाकायला सुरुवात केली. २०१५ मध्ये पुस्तक आलं, २०२३ मध्ये चित्रपट. तिच्यातला जाहीर खलनायक बॅलिस्टर ब्लॅकहार्ट नियम पाळणारा आहे, शक्यतो कुणाचा जीव घेत नाही. हाताखाली काम करायला आलेली निमोना मात्र रूप बदलणारी, बेफाम. गंमत चालू असताना हळूच उघड होतं की राज्याची प्रतिष्ठित संस्था, जी नायक घडवते आणि खलनायकांचा निषेध करते, तीच जेडरूट नावाच्या विषारी वनस्पतीशी चोरून खेळते आहे. जो स्वतःला खलनायक म्हणवतो त्याच्यामुळे न बोलणारा खरा अपराधी उजेडात येतो. हे वाचताना मला वालधुनी आठवली.

वालधुनी ही अंबरनाथची नदी. शके ९८२ मध्ये, म्हणजे इ.स. १०६० साली, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात पूर्ण झालेलं शिवमंदिर तिच्याच काठी उभं आहे. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं पाहताना मान दुखेपर्यंत हलावंसं वाटत नाही. पण भिंतीपलीकडचा प्रवाह पाहून जीव कासावीस होतो. कारखान्यांच्या सांडपाण्याने या नदीचे रंग बदललेले लोकांनी पाहिले आहेत. पुढे ती उल्हासनगरातून जाते. उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला हे नाव मिळालं, आणि एक ते पाच नंबरच्या कॅम्पांत गाव वाढलं. शून्यातून उद्योग उभा करणारी ही माणसं. कुठल्याही वस्तूची नक्कल करून तिच्यावर ‘मेड इन यूएसए’ लिहायचं आणि विचारल्यावर उल्हासनगर सिंधी असोसिएशन असं सांगायचं, हा विनोद ते स्वतःच सांगतात. तिथल्या जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं पाणीही याच नदीत जात असे.

नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनीत टँकरमधून रासायनिक कचरा सोडला गेला. पहाटेच्या झोपेत लोकांचे डोळे चुरचुरले, श्वास कोंडला, उलट्या सुरू झाल्या. शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं. पुढच्या वर्षी उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने कोट्यवधींचा दंड ठोठावला. सिनेमातला खलनायक हेच करण्याआधी दूरदर्शनच्या पडद्यावर येऊन गडगडाटी हसतो, मुदत देतो, मागण्या सांगतो. इथे कुणी हसलं नाही. अंधारात एक झडप उघडली आणि टँकर निघून गेला.

या पट्ट्यात विनोदी खलनायकाची गरज मला यासाठीच वाटते. बडग्याला पाटी लागते, तसा या अदृश्य कृत्याला चेहरा हवा आहे.

तर त्याचं नाव कालकूट ठेवू. शंकराने गिळलेलं विष. घरी त्याची आई त्याला बाळू म्हणते. तो अंबरनाथ पूर्वेला तीन मजली सोसायटीत राहतो, गच्चीवर प्रयोगशाळा थाटतो, आणि सेक्रेटरी मेंटेनन्सची थकबाकी मागायला येतात तेव्हा मुखवटा काढून दार उघडतो. त्याचे पंटर दोन. एक कॅम्प पाचमधला, कुठलंही यंत्र अर्ध्या किमतीत बनवून देणारा; पण त्याने बनवलेला मृत्युकिरण लोडशेडिंगच्या दिवशी चालत नाही. दुसरी बदलापूरची, रोज लोकलने जाणारी, आणि त्या तिघांत खरी हुशार. जग जिंकायच्या बेतावर तिचा पहिला प्रश्न असतो, ‘सर, परतीची शेवटची गाडी किती वाजता?’ कालकूट जेव्हा जेव्हा गंभीर आवाजात घोषणा करतो तेव्हा खालून आईची हाक येते: बाळू, गिरणी बंद होईल, दळण आण. तो मंदिरात जातो तेव्हा चपला बाहेर काढतो आणि त्यांच्यावर पहारा द्यायला पंटर उभा करतो.

असं माणूसपण त्याला द्यायलाच हवं. पण एक नियम पाळायचा: त्याचा बेत फसला तरी नुकसान फसत नाही. तिसऱ्या भागात त्याच्या प्रयोगाचा फेस नदीत गेला असेल तर तो तिसाव्या भागातही मागच्या बाजूला दिसला पाहिजे. त्याच्याबद्दल एक शब्द कुणी बोलू नये. पुढे विनोद चालू राहील, मागे पाणी दर भागात थोडं बदलत जाईल. शि. द. फडणीसांची शब्दांविना बोलणारी हास्यचित्रं ज्याने पाहिली आहेत त्याला चित्राच्या कोपऱ्यात किती मजकूर मावतो हे सांगायला नको.

मोबाइलच्या पडद्याचा वापरही आपल्याला उपजत जमायला हवा. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी २००० साली मांडलं होतं की इंटरनेटवर चित्रकथेला पानाची मर्यादा उरत नाही, ती अमर्याद लांब होऊ शकते. कोरियातल्या वेबटूनने ती उभी लांबी घराघरात नेली. खाली सरकवल्याशिवाय पुढचं दिसत नाही, यातच सगळा विनोद आहे. आणि दिवाळी अंकाचा वाचक ही मजा फार पूर्वीपासून जाणतो. मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’मधली खिडकी-चित्रं आठवा. आधी खिडकीतून भलतंच काही दिसायचं, पान उलटलं की भलताच निष्पाप प्रसंग. कालकूटचं सिंहासन आधी फक्त पाठीपर्यंत दिसावं, लाल मखमलीचं, सोनेरी वेलबुट्टीचं. अंगठा सरकला की खाली त्याचा एक पाय मोडलेला, त्याखाली दुमडलेलं वर्तमानपत्र, आणि शेजारी फर्निचरवाल्याची पावती: माल परत घेतला जाणार नाही.

अक्षरांचा प्रश्न मात्र खरा कष्टाचा आहे. इंग्रजी कॉमिकमधली मोठी अक्षरं एका उंचीत बसतात. देवनागरीत वर वेलांट्या, अनुस्वार, रफार. खाली उकार, ऋकार. दोन ओळींत जागा कमी ठेवली की वरच्या ओळीचा उकार खालच्या अनुस्वारावर आपटतो, आणि जास्त ठेवली की फुगा चित्राला गिळतो. म्हणून वाक्यं तोडून छोटी लिहावी लागतात. त्यातून संवाद सुधारतो, हा अनुभव ‘चिंटू’ने दिला आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये तो सुरू केला, आणि चार-दोन चौकटींत मराठी मुलगा कसा बोलतो ते अचूक पकडलं. मुंबईच्या एक टाइपने बनवलेले बलू, मुक्त यांच्यासारखे मोफत टंक आता कुणालाही वापरता येतात. तरी आवाजाचे शब्द हातानेच काढावेत. धप्प, खळ्ळकन, फुस्स, कर्रर्र. मराठीला या शब्दांची जी श्रीमंती आहे ती छापील टंकात निम्मी होते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. असीम त्रिवेदी यांचं व्यंगचित्रांचं संकेतस्थळ २०११ च्या अखेरीस बंद पाडलं गेलं आणि सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. आरोप नंतर मागे घेण्यात आला. इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. याच काही वर्षांत मुंबईचे अभिजीत किणी यांनी ‘अँग्री मावशी’ हे कॉमिक स्वतःच्या बळावर काढलं होतं. साडीतली संतापलेली मावशी आणि तिच्या तावडीत सापडणारे भ्रष्ट पुढारी. कल्पित पात्राच्या आडोशाने किती नेमकं बोलता येतं, आणि प्रकाशकाची वाट न पाहता किती पुढे जाता येतं, हे त्यांनी दाखवलं. आमचा कालकूट याच मावशीचा भाचा ठरावा.

आता तो भाग, ज्याच्यासाठी ही सगळी मालिका काढायची.

एका पहाटे गावात घाण वास पसरतो. माणसं खोकत रस्त्यावर येतात. कालकूटची आई दवाखान्यात आहे, तोंडावर मास्क, पण शुद्धीवर. गच्चीवर कालकूट आपल्या बाटल्या मोजतो. एकही कमी झालेली नाही. हे त्याने केलेलं नाही. कुणीतरी त्याच्या गावात, त्याच्या नदीत, त्याने वर्षभर आखलेल्या बेताहून भयंकर काम करून गेलं आहे, तेही मुखवटा न घालता, घोषणा न करता, नाव न सांगता. बदलापूरची पंटर रात्रभर जागून टँकरच्या चाकांच्या खुणा, वेळ, रस्ता, सगळं वहीत उतरवते. कालकूट ती वही घेऊन, पूर्ण वेषात, पोलीस ठाण्यात जातो.

‘मी कालकूट!’

‘पूर्ण नाव सांगा. आधी आडनाव.’

‘मी या शहराचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. आणि मी सांगतो, हे मी केलेलं नाही.’

हवालदार पेन थांबवतात. ‘न केल्याची तक्रार घेत नाही आम्ही. केलं कुणी?’

‘ते या वहीत आहे.’

‘मग तुम्ही कशाला आलात? साक्षीदार म्हणून सही कराल?’

पुढच्या चौकटीत शिरस्त्राण टेबलावर आहे. त्याखालच्या चौकटीत अर्जाचा कोरा रकाना. मग अंगठा खाली सरकवावा लागतो, बराच, रिकाम्या पांढऱ्या जागेतून, आणि तळाशी अखेर बाळूच्या वळणदार अक्षरात त्याचं खरं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि सोसायटीचा पत्ता.

त्यापुढच्या भागात सेक्रेटरी आणि टँकरचा मालक दोघेही त्याच पत्त्यावर येतात. सेक्रेटरी थकबाकी मागायला, आणि दुसरा सही मागे घ्यायला सांगायला. कालकूटला त्या दिवशी पहिल्यांदा खरा खलनायक भेटतो. तो इस्त्रीच्या शर्टात असतो, आईसाठी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आलेला असतो, आणि चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवतो.